स्वरांसाठी सोडलेली जागा : असिसीच्या हस्तलिखित परंपरेतील संतवाणी आणि संतचरित्र

मध्ययुगीन भक्तिसाहित्याचा अभ्यास करताना आपण नकळत मुद्रणयुगाच्या कल्पना सोबत घेऊन जातो. एक लेखक, त्याची एक कृती, त्या कृतीचा एक शुद्ध पाठ आणि त्या पाठापासून कमीअधिक ढळलेल्या अनेक प्रती, अशी आपली समजूत असते. हस्तलिखित म्हणजे कृती साठवण्याचे पात्र, असे आपण मानतो. पात्रातील द्रव्य काढून घेतले, संशोधित आवृत्ती सिद्ध झाली, की पात्राचे काम संपले. युरोपातील मध्ययुगीन भक्तिग्रंथांच्या बाबतीत ही समजूत फारशी उपयोगी पडत नाही. तेथे एकाच पुठ्ठ्यात संताचे स्वतःचे लेखन, त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेले चरित्र, प्रार्थना, प्रवचने आणि नियम एकमेकांशेजारी नांदत असतात. या शेजाराला अर्थ असतो. तो अर्थ कोणता आणि तो विसरल्याने वाचनाचे काय नुकसान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात असिसीच्या संत फ्रान्सिसशी (मृत्यू १२२६) संबंधित काही हस्तलिखितांच्या आधारे करावयाचा आहे.

असिसी येथील साक्रो कॉन्व्हेंतो या मठाच्या ग्रंथसंग्रहात ३३८ क्रमांकाचे एक हस्तलिखित आहे. ते तेराव्या शतकातील असून चर्मपत्रावर लिहिलेले आहे. वेगवेगळ्या जुड्या एकत्र बांधून ते तयार झाले आहे. फ्रान्सिसच्या लेखनाचा जो जुना संग्रह त्यात आला आहे त्यात त्याच्या संघाचा नियम, त्याचे मृत्युपत्र, 'उपदेश' या नावाने ओळखली जाणारी २८ लहान प्रकरणे, पत्रे आणि प्रार्थना आहेत. हे सर्व लेखन लॅटिन भाषेत आहे. मात्र ३३ व्या पत्राच्या पुढील बाजूस भाषा एकाएकी बदलते. ज्या रचनेने इटालियन साहित्याच्या इतिहासग्रंथांची पहिली पाने सुरू होतात, ती उम्ब्रिया प्रांताच्या लोकभाषेतील सृष्टिस्तुती येथे येते. तिचा उपलब्ध पाठांतील सर्वांत जुना पाठ हाच होय.

या पाठात एक विलक्षण गोष्ट आहे. रचनेच्या आरंभी लेखनिकाने स्वरलेखनासाठी जागा सोडली आहे. म्हणजे ही रचना गाण्यासाठी होती आणि तिची चाल लिहून ठेवण्याचा त्याचा हेतू होता, हे उघड आहे. परंतु त्या जागेत स्वर कधीच लिहिले गेले नाहीत. शब्द उरले, चाल गेली. शब्दांच्या वरची ही मोकळी जागा हस्तलिखितात आजही दिसते. छापील आवृत्तीत मात्र ती दिसत नाही, कारण छापील आवृत्ती पाठ देते, जागा देत नाही. विद्यार्थी ज्या पुस्तकात ही रचना वाचतो, तेथे ती आरंभापासून 'कविता' म्हणूनच त्याच्यासमोर उभी राहते.

याच पाठाच्या शिरोभागी एक लॅटिन सूचना आहे. ही सृष्टजीवांची स्तुती धन्य फ्रान्सिसने देवाच्या गौरवासाठी, सान दामियानो येथे आजारी असताना रचली, असा तिचा आशय आहे. ओळ लहान आहे, पण तिचे कार्य मोठे आहे. रचनेत आजाराचा उल्लेख नाही, सान दामियानोचाही नाही. शेवटच्या भागात आजार आणि क्लेश सोसणाऱ्यांचा निर्देश आहे, परंतु तो सर्वसामान्य स्वरूपाचा आहे. सूचनेमुळे मात्र वाचक पहिल्याच शब्दाला पोचण्यापूर्वी एका आजारी माणसाच्या खोलीत नेला जातो. सूर्याची स्तुती करणाऱ्याचे डोळे अधू झाले आहेत, हे त्याला चरित्रातून ठाऊक असते, आणि स्तुतीचा प्रत्येक शब्द त्या ज्ञानाच्या प्रकाशात वाचला जातो. संतचरित्र अशा प्रकारे एका ओळीच्या वाटेने संतवाणीत प्रवेश करते.

हा प्रवेश येथेच थांबत नाही. फ्रान्सिसच्या सोबत्यांच्या आठवणींचा एक संग्रह पेरूजा येथील १०४६ क्रमांकाच्या हस्तलिखितात टिकून राहिला आहे. फर्दिनां देलोर्म या अभ्यासकाने तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. 'असिसीचे संकलन' या नावाने तो आज ओळखला जातो. या संकलनानुसार सृष्टिस्तुती एका वेळी रचली गेली नाही. मूळ भाग सान दामियानोच्या आजारपणातील. पुढे असिसीचा बिशप आणि नगराचा प्रमुख अधिकारी यांच्यात वैर पेटले, तेव्हा फ्रान्सिसने क्षमेविषयीचा भाग जोडला आणि आपल्या बंधूंना त्या दोघांसमोर ती स्तुती गायला पाठवले. ते ऐकून दोघांचा समेट झाला. मृत्यूविषयीचा शेवटचा भाग १२२६ मध्ये, अंत जवळ आल्याचे कळल्यावर रचला गेला. फ्रान्सिसने चाल स्वतः बांधून सोबत्यांना शिकवली, हेही हेच संकलन सांगते.

आता ३३८ क्रमांकाच्या हस्तलिखिताकडे परत पाहिले तर तेथे या तीन टप्प्यांची कोणतीही खूण नाही. तेथे एकच सलग रचना आहे. तीन टप्प्यांची कल्पना आपल्याला चरित्राने दिली आहे. सृष्टीकडून माणसाकडे आणि माणसाकडून मृत्यूकडे होणारे रचनेचे वळण अंतर्गत पुराव्यानेही जाणवते, हे खरे. पण त्या वळणाला तारखा, स्थळे आणि पात्रे मिळाली ती संकलनामुळे. समीक्षकाने येथे दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत : रचना काय म्हणते, आणि रचनेविषयी काय सांगितले जाते. पहिलीला दुसरीने उजाळा मिळतो. परंतु दुसरी पहिलीची जागा घेऊ लागली, की कविता ही चरित्रातील एका प्रसंगाची सजावट होऊन बसते.

हा भेद किती सूक्ष्म पातळीवर काम करतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे या रचनेतील एक शब्दयोगी अव्यय. देवाची स्तुती असो, असे म्हणून प्रत्येक वेळी 'पेर' हा शब्द येतो आणि त्यापुढे सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी यांची नावे येतात. जुन्या इटालियनमध्ये 'पेर' या शब्दाला अनेक अर्थ संभवतात. सूर्याबद्दल, सूर्यामुळे देवाची स्तुती असो, असा अर्थ होऊ शकतो. सूर्याकडून देवाची स्तुती होवो, असाही होऊ शकतो. सूर्याच्या द्वारा, हा तिसरा अर्थ. पहिल्या अर्थात माणूस स्तुती करतो आणि सृष्टी ही कृतज्ञतेचे कारण ठरते. दुसऱ्यात सृष्टीच स्तुती करते आणि माणूस केवळ तिला हाक देतो. दोन अर्थांमधले अंतर दोन विश्वदृष्टींमधले अंतर आहे.

अभ्यासकांनी या एका शब्दावर विपुल लिहिले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की चरित्रग्रंथांतही या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'असिसीच्या संकलना'त फ्रान्सिस म्हणतो, की ज्या सृष्ट वस्तूंचा आपण रोज उपयोग करतो आणि ज्यांच्याविषयी आपण कृतघ्न असतो, त्यांच्यासाठी त्याला नवी स्तुती रचावयाची आहे. हे वाचले की 'पेर' म्हणजे 'बद्दल' असे वाटू लागते. उलट चेलानोच्या तोम्मासोने लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रात मरणासन्न फ्रान्सिस सर्व सृष्टीला देवाची स्तुती करण्याचे आमंत्रण देतो. तेथून पाहिले की 'पेर' म्हणजे 'कडून' असे वाटते. दोन चरित्रे म्हणजे एका अव्ययाची दोन भाष्ये आहेत. ३३८ क्रमांकाचे हस्तलिखित यांपैकी कोणाचीही बाजू घेत नाही.

मराठीत ही रचना आणू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. 'मुळे', 'बद्दल', 'कडून', 'द्वारा' यांपैकी एक निवडावेच लागते, आणि निवडताच मूळची संदिग्धता लोपते. तृतीया विभक्तीचा 'ने' हा प्रत्यय करण आणि कर्ता या दोन्ही अर्थांना काही अंशी सामावून घेतो. त्यामुळे तो मूळच्या सर्वांत जवळचा म्हणता येईल, परंतु 'बद्दल' हा कृतज्ञतेचा अर्थ त्यातून निसटतो. लिंगाची अडचण याहून मोठी आहे. इटालियनमध्ये सूर्य, वारा आणि अग्नी पुल्लिंगी असल्याने ते बंधू होतात. चंद्र, तारका, पाणी आणि मृत्यू स्त्रीलिंगी असल्याने त्या भगिनी होतात. पृथ्वी तर भगिनी आणि माता दोन्ही आहे. मराठीत सूर्य, वारा, अग्नी, तारका आणि पृथ्वी यांच्याबाबतीत व्याकरण अनुकूल आहे. चंद्र मात्र पुल्लिंगी, पाणी नपुंसकलिंगी आणि मृत्यू पुल्लिंगी. मृत्यूला 'बहीण' म्हणताना मराठी वाक्य अडखळते. महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यू स्त्रीरूपाने येते आणि प्राण हरण्याच्या कामाला नकार देऊन तप करते, याची येथे आठवण होईल. तरी तेथील देवता ती देवताच राहते, घरातली बहीण होत नाही. ज्या आप्तभावावर ही सारी रचना उभी आहे, तो मूळ भाषेच्या व्याकरणात आधीच वसलेला आहे. फ्रान्सिसने लॅटिन सोडून लोकभाषा का स्वीकारली, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही, कारण लॅटिनमध्येही या शब्दांची लिंगे बहुतेक अशीच आहेत. त्याचे उत्तर गाण्यात शोधावे लागते. ही स्तुती चौकात, लॅटिन न जाणणाऱ्या माणसांसमोर म्हणावयाची होती. म्हणूनच स्वरांसाठी सोडलेली ती जागा रचनेचा अविभाज्य भाग ठरते.

संतवाणी आणि संतचरित्र यांचा हा शेजार याहूनही लहान जागेत पाहावयाचा असेल, तर असिसीच्या बॅसिलिकेत जपलेला चर्मपत्राचा एक तुकडा पाहावा. फ्रान्सिसच्या स्वहस्ताक्षरातील लेखन आज फक्त दोन तुकड्यांवर उरले आहे. त्यांपैकी हा एक, आणि दुसरा स्पोलेतो येथे आहे. असिसीच्या तुकड्यावर एका बाजूस देवाची स्तुती आहे आणि दुसऱ्या बाजूस बंधू लिओ या सोबत्यासाठी लिहिलेला आशीर्वाद आहे. फ्रान्सिसच्या अक्षरांच्या आजूबाजूला बंधू लिओने तांबड्या शाईने आपल्या नोंदी केल्या आहेत. मृत्यूच्या दोन वर्षे आधी ला व्हेर्ना पर्वतावर फ्रान्सिसने उपवासाचा काळ घालवला, तेथे हे घडले आणि हे अक्षर त्याचेच आहे, असे त्या नोंदी सांगतात. तुकड्यावर घड्यांच्या खुणा आहेत, कारण बंधू लिओने तो जवळ बाळगला होता. गुरूची अक्षरे आणि शिष्याची साक्ष येथे एकाच पृष्ठावर आहेत, पण शाई निराळी आहे. कोणते कोणाचे, याचा घोटाळा होत नाही. वाणी आणि चरित्र यांच्या सहवासाचा याहून प्रामाणिक नमुना क्वचितच आढळेल.

पुढच्या काळात शाईचा हा भेद पुसट होत गेला. याचेही एक उदाहरण घेऊ. आपल्या मृत्युपत्रात फ्रान्सिस सांगतो, की देवाची पवित्र नावे आणि वचने लिहिलेले तुकडे अयोग्य जागी पडलेले दिसले तर तो ते उचलतो आणि इतरांनीही ते उचलून योग्य जागी ठेवावेत. १२२८-२९ मध्ये चेलानोच्या तोम्मासोने लिहिलेल्या पहिल्या चरित्रात ही गोष्ट वाढते. तेथे फ्रान्सिस कोणताही लिहिलेला तुकडा उचलतो, तो ख्रिस्तपूर्व मूर्तिपूजकांच्या ग्रंथातील असला तरीही. कारण विचारल्यावर तो म्हणतो, की ज्या अक्षरांनी देवाचे नाव घडते तीच अक्षरे तेथेही आहेत. चरित्रातील हे रूप अधिक मोहक आहे यात शंका नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला तेच अधिक आवडेल, कारण त्यात अक्षरमात्राविषयीचा आदर आहे. परंतु मृत्युपत्र तेवढे म्हणत नाही. तोम्मासोला प्रत्यक्ष आठवण ठाऊक होती, की त्याने मूळ वाक्याचा विस्तार केला, हे ठरवता येत नसले तरी दोन्हींतील अंतर नोंदवता येते. ते नोंदवणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.

याच मृत्युपत्रात फ्रान्सिसने आणखी एक आज्ञा दिली होती. नियम आणि हे मृत्युपत्र एकत्र ठेवावे, एकत्र वाचावे, त्यांत काही वाढवू किंवा घटवू नये, आणि त्यांवर भाष्य लिहून शब्दांना दुसरा अर्थ लावू नये, अशी ती आज्ञा आहे. स्वतःच्या लेखनाचे पुढे काय होणार याची जाणीव असलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत. १२३० मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने एका आज्ञापत्राद्वारे हे मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही असा निर्णय दिला. तरीही ३३८ क्रमांकाच्या हस्तलिखितात नियम आणि मृत्युपत्र एकाच संग्रहात आढळतात. कायद्याने वेगळे केलेले लेखन ग्रंथाने जवळ ठेवले. हस्तलिखिताची रचना हीच कधी कधी एक भूमिका असते, ती अशी.

चरित्रांच्या बाबतीत याहून कठोर घटना घडली. फ्रान्सिसला १२२८ मध्ये संतपद मिळाले आणि त्याच्या चरित्राची मागणी सुरू झाली. तोम्मासोच्या पहिल्या चरित्रानंतर १२४४ मध्ये संघाने सर्व बंधूंकडून आठवणी मागवल्या. १२४६ च्या ऑगस्टमध्ये लिओ, रुफिनो आणि आंजेलो या तीन सोबत्यांनी ग्रेच्चो येथून पत्रासह आपल्या आठवणी पाठवल्या. आपण सलग चरित्र लिहीत नसून कुरणातून फुले वेचावीत तशा काही गोष्टी निवडल्या आहेत, असे त्यांनी त्या पत्रात म्हटले. त्यांच्या आठवणींत 'आम्ही जे त्याच्यासोबत होतो' अशा अर्थाची साक्ष वारंवार येते. 'लीळाचरित्र' वाचलेल्या मराठी वाचकाला साक्षीचा हा सूर ओळखीचा वाटेल. तेराव्या शतकाच्याच उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी जाणत्यांकडून गोळा केल्या. या दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. त्यामुळे साम्य केवळ एवढेच, की गुरूच्या मागे उरलेल्या मंडळींना आठवण हीच संपत्ती वाटली.

परंतु अनेक आठवणी म्हणजे अनेक फ्रान्सिस. गरिबीचे व्रत किती कठोर असावे, यावरून संघात मतभेद वाढले होते, आणि प्रत्येक पक्षाला आपला फ्रान्सिस चरित्रात सापडत होता. अशा वेळी संघाचा प्रमुख बोनाव्हेंतूरा याने नवे चरित्र लिहिले, आणि ते १२६३ मध्ये संघासमोर आले. १२६६ मध्ये पॅरिस येथील महासभेने आज्ञा काढली, की पूर्वीची सर्व चरित्रे नष्ट करावीत आणि संघाबाहेर त्यांच्या प्रती असतील तर त्याही दूर करण्याचा प्रयत्न करावा. असिसीच्या वरच्या बॅसिलिकेतील २८ भित्तिचित्रे बोनाव्हेंतूराच्या चरित्रावरच आधारलेली आहेत. शतकानुशतके यात्रेकरूंनी भिंतीवर जो फ्रान्सिस पाहिला, तो याच एका ग्रंथातला होता.

बोनाव्हेंतूराला केवळ दोषी ठरवून हा प्रश्न संपत नाही. दुभंगू पाहणाऱ्या संघाला एक प्रतिमा देणे ही त्याची गरज होती, आणि त्याचा ग्रंथ रचनेच्या दृष्टीने या सर्व चरित्रांत अधिक बांधेसूद आहे. पण ऐक्यासाठी दिलेली किंमत मोठी होती. तोम्मासोचे पहिले चरित्र वाचले ते मुख्यतः सिस्टर्शियन आदी इतर संघांच्या मठांत, जेथे या आज्ञेचा अंमल नव्हता. त्याचे दुसरे चरित्र अगदी मोजक्या प्रतींत उरले आणि १८०६ पर्यंत छापले गेले नाही. सोबत्यांच्या आठवणी तर इतर संकलनांत विखुरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल साबातिए या फ्रेंच अभ्यासकाने या विखुरलेल्या साहित्याचा शोध सुरू केला आणि कोणते चरित्र आधीचे, कोणते विश्वसनीय, हा वाद पेटला. साबातिए यांनी १८९८ मध्ये एक संकलन प्रसिद्ध केले आणि एका प्रतीतील कालोल्लेखावरून ते १२२७ चे, म्हणजे सर्वांत जुने मानले. दुसऱ्या एका प्रतीवरून त्याचा खरा काळ १३१८ असल्याचे पुढे स्पष्ट झाले. लेखनिकाच्या हातून आकडा चुकला होता. रोमन अंकांतील एकदोन खुणांच्या फरकाने ग्रंथ नव्वद वर्षे मागे गेला आणि त्यासोबत फ्रान्सिसचे एक चित्रही.

या नाशाच्या आज्ञेचे अपुरेपण सिद्ध करणारी घटना आपल्याच काळात घडली. २०१४ मध्ये एक लहानसे हस्तलिखित विक्रीला आले होते. शॉन फील्ड या अमेरिकन इतिहासकाराने झाक दालारँ या फ्रेंच इतिहासकारांचे लक्ष तिकडे वेधले. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते विकत घेतले आणि जानेवारी २०१५ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. हस्तलिखित सुमारे १२ सेंटिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात सोने नाही, चित्रे नाहीत, सजावट नाही. इटलीतील फ्रान्सिसकन बंधूंच्या वापरातला तो ग्रंथ होता. झोळीत मावेल, हातात धरून वाचता येईल, एवढाच त्याचा आकार. त्यात प्रवचने आहेत, फ्रान्सिसचे 'उपदेश' आहेत, आणि या सोबतीत तोम्मासोने लिहिलेले एक अज्ञात चरित्र आहे. ते पहिल्या आणि दुसऱ्या चरित्राच्या दरम्यानचे असून बंधू एलिया संघप्रमुख असताना, म्हणजे १२३२ ते १२३९ या काळात लिहिलेले आहे. पहिल्या चरित्राचा तो संक्षेप आहे, पण त्यात नवी भरही आहे. गरिबी येथे रूपक म्हणून येत नाही, प्रत्यक्ष दारिद्र्य म्हणून येते, याकडे दालारँ यांनी लक्ष वेधले आहे. असे एक मधले चरित्र असले पाहिजे, हे त्यांनी विखुरलेल्या अंशांवरून आधीच प्रतिपादन केले होते. अनुमानाला पुरावा मिळाला.

या शोधाचे महत्त्व इतिहासकारांनी सांगितले आहेच. साहित्याच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली, हा ग्रंथ टिकला तो त्याच्या सामान्यपणामुळे. मोठ्या ग्रंथालयातील सुशोभित प्रत शोधून काढणे सोपे होते. एखाद्या बंधूच्या जवळ असलेल्या, प्रवचनांच्या टिपणांत गुंतलेल्या चरित्राकडे आज्ञेचा हात पोचला नाही. दुसरी, या ग्रंथात चरित्र एकटे नाही. ज्या बंधूने ते वापरले, त्याने गुरूचे आयुष्य आणि गुरूचे शब्द एकाच वेळी हाताशी ठेवले. चरित्र वाचून भारावल्यावर पाने उलटून 'उपदेश' वाचता येत होते, आणि तेथे स्वतःच्या सत्कृत्यांचा अभिमान धरू नये असे सांगणारा तोच गुरू भेटत होता. संतांनी कृत्ये केली आणि आपण ती केवळ सांगून मान मिळवू पाहतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे फ्रान्सिस या 'उपदेशां'त एके ठिकाणी बजावतो. संतचरित्र या वाङ्मयप्रकारावरची ही अत्यंत कठोर टीका आहे, आणि ती चरित्राच्या शेजारीच बांधलेली आहे.

चरित्राच्या या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा अनुभव मराठी वाचकाला एका अनपेक्षित ठिकाणी येऊ शकतो. एप्रिल १३२१ मध्ये फ्रान्सिसच्या संघातील चार बंधू ठाणे येथे मारले गेले. तोलेंतिनोचा तोम्मासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रिओ अशी त्यांची नावे. जॉर्डन या डॉमिनिकन संघाच्या प्रवाशाने त्यांचे दफन सोपारा येथे केले. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिको हा फ्रान्सिसकन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला, आणि परतल्यावर १३३० मध्ये पादुआ येथे त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. या वृत्तांताच्या अनेक प्रती युरोपभर पसरल्या आणि ठाणे हे नाव इटालियन भक्तिग्रंथांच्या पानांवर गेले.

ओदोरिको या घटनेचा साक्षीदार नव्हता. त्याने ऐकलेले सांगितले. त्यामुळे वृत्तांताची घडण पुरातन हुतात्मा-कथांसारखी झाली आहे : अधिकाऱ्यासमोर वाद, अग्निपरीक्षा, त्यातून सुटका आणि शेवटी तलवार. हा साचा इतका जुना आहे, की रोम किंवा अँटिओक येथे घडलेली म्हणून हीच कथा सांगता आली असती. ठाण्याचे रहिवासी येथे केवळ प्रेक्षक आहेत. त्यांची भाषा, व्यवसाय आणि भीती यांना कथेत फारसा वाव नाही. तरी कथेच्या आरंभी एक तपशील आहे, जो कोणत्याही साच्यातला नाही. बंधू ज्या घरी उतरले होते, तेथे नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, ती काझीकडे गाऱ्हाणे घेऊन गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या परदेशी पाहुण्यांची नावे सांगितली. सारा अनर्थ येथून सुरू झाला. साच्यात न बसणारा असा तपशील चरित्रकाराला गाळता आला नाही, म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो. ठाण्याच्या एका घरातील ती निनावी स्त्री सातशे वर्षे एका परकीय संतकथेच्या उंबरठ्यावर उभी आहे. चरित्र कसे वाचावे, याचा धडा तिच्याकडून घेता येतो. साचा ओळखावा, आणि साच्यातून काय बाहेर राहिले ते पाहावे.

या सर्व विवेचनावरून संशोधित आवृत्त्यांचे काम निरर्थक आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कायेतान एस्सर यांनी १९७६ मध्ये फ्रान्सिसच्या लेखनाची जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यावाचून आजचा अभ्यास पुढे सरकत नाही. परंतु आवृत्ती एका लेखकाचे शब्द इतरांच्या शब्दांपासून वेगळे काढते. हे तिचे सामर्थ्य आहे आणि हीच तिची मर्यादा. वाणी एका खंडात जाते, चरित्रे दुसऱ्या खंडात जातात. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचे वर्गांक वेगळे होतात. लिहिणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसाने जे जवळ ठेवले होते ते कपाटांत दूर जाते. ज्यांच्या हाती सूची करण्याचे काम आहे, त्यांनी हस्तलिखितातील प्रत्येक घटकाची नोंद त्याच्या क्रमासह करावी, कोरी जागा, समासातील नोंद आणि शाईचा बदल यांचीही करावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

विद्यार्थ्यापुढील काम याहून अवघड आहे. संताची वाणी वाचताना चरित्र बाजूला ठेवा, असे त्याला सांगणे सोपे आहे, पण ते शक्य नाही आणि इष्टही नाही. चरित्र नसते तर सृष्टिस्तुती कोणी कोणासमोर गायली, हे आपल्याला कधीच कळले नसते. चरित्रावर विसंबून वाणी वाचली, तर 'पेर'सारख्या शब्दाचा प्रश्नच उरत नाही, कारण उत्तर आधीच हाती असते. बंधू लिओने आपली साक्ष तांबड्या शाईत लिहिली आणि गुरूच्या काळ्या अक्षरांना स्पर्श केला नाही. वाचकाला एवढे जमले तरी पुरेसे आहे. २०२५ मध्ये सृष्टिस्तुतीला आठशे वर्षे झाली. तिला अनेकांनी चाली लावल्या आहेत आणि पुढेही लावतील. त्या चाली त्यांच्या आहेत. ३३८ क्रमांकाच्या हस्तलिखितातील जागा मात्र मोकळीच आहे, आणि ती मोकळी आहे हे सांगणे हाही त्या रचनेच्या पाठाचाच भाग आहे.